डावी बाही

बत्तीस वर्षं मी वीजखात्यात मीटर वाचले.
आकडा पुसट असला की बोट ओलं करून काच पुसायची,
कुत्रा बांधायला सांगायचं, आणि पुन्हा वाचायचं.
त्यामुळे लोटलीच्या मिंगेल फुर्तादनं
सोलांच्या पोत्यांमागचा सांगाडा दाखवला तेव्हा
मी आधी पाटी शोधली.

"विमान आसा तें," मिंगेल म्हणाला,
"पूण हांवें तें उडटना केन्नाच पळोवंक ना."

पोलादी नळ्या, त्यांवर दोडक्याचा वेल,
दोन माणसांपुरती जागा, त्यात एक कोंबडी खुडूक.
लष्करी ऑस्टर. हलकं, टेहळणीचं.
पाटीवर पाच आकडे. चौथा तीन, की आठ?

तीन आणि आठ यांच्यामध्ये माझी दोन वर्षं गेली.

पणजीत, पुराभिलेखाच्या पंख्याखाली,
मांडीवर पोर्तुगीज शब्दकोश घेऊन
मी पेट्रोलच्या पावत्या वाचल्या,
दोन टायरांसाठी केलेला एक लांबलचक अर्ज,
हिवतापानं आजारी सार्जंटची रजा.
विमान कुठंच नाही. टायर मंजूर झाले होते.

पुण्याच्या निवृत्त कॅप्टन बावडेकरांना फोटो पाठवला.
कार्ड आलं: "धड आमचं असू शकेल.
शेपूट आमचं नाही."

मग पॉलिश पेपर घेऊन बसलो.
वरचा हिरवा. त्याखाली रुपेरी.
रुपेरीखाली पुन्हा हिरवा,
पण तो दुसऱ्या देशाचा हिरवा.
इंजिन बेतूलच्या कुणीतरी होडीला लावलं होतं म्हणे,
होडी परत आली नाही, इतकाच त्याचा इतिहास.

पंख वर माळ्यावर होते, नारळाच्या सोडणाखाली.
कापडाची लक्तरं. उंदरांनी केलेलं संशोधन माझ्याहून जुनं.
डाव्या पंखात, आतल्या लाकडी पट्टीवर
टॉर्च तिरका धरला तेव्हा पेन्सिल दिसली.
पोर्तुगीज नव्हे, इंग्रजी नव्हे. आपली बाळबोध अक्षरं:

*डा. बाही. साडेबारा वार. आंत उलट टीप. पुं.*

मी खाली उतरलो आणि बराच वेळ शिडीच्या पायरीवर बसलो.

पुं. म्हणजे पुंडलिक बोरकर, शिंपी, मुरगाव.
हे कळायला आणखी सात महिने, आणि एक मयत.
त्यांची मुलगी शेवंतीबाय, वय चौऱ्याऐंशी, सड्यावर राहते.
"बाबा पाद्रींचे झगे शिवायचे," ती म्हणाली.
"एकदा जीप आली. चार दिवस दाबोळीला.
परत आले तेव्हा अंगाला पिकून काळ्या पडलेल्या
केळ्यांचा वास. आईनं जेवायला बाहेर वाढलं."

जीप कुणाची? गणवेश कसला होता?
एकसष्टच्या आधी, की नंतर?

शेवंतीबायनं माझ्याकडं बघितलं.
मीटर चुकीचा वाचला की गिऱ्हाईक बघतं, तसं.
"कुणाची म्हणजे? गिऱ्हाइकाची."

पत्र्याच्या पेटीतून तिनं वही काढली.
कासूल दोन, कॉलर बदलणे, नवरीचा झगा,
आणि त्यांच्याच रांगेत, त्याच शाईत:
*डावी बाही, पोहोचली.*
*उजवी बाही, येणे बाकी.*
तारीख होती तिथं वाळवी.

मिंगेल दर रविवारी विचारतो, "मागीर? कोणाचें तें?"
मी म्हणतो, बिल निघालेलं नाही अजून.

काल उरलेल्या कापडाचा आणि पट्ट्यांचा हिशेब लावून
डावा पंख टेपनं मोजला. वर, खाली, कडेची दुमड धरून.
चौदा वाराला दोन बोटं कमी.
म्हणजे पुंडलिकनं दीड वार कापड कुठून तरी वाचवलं,
किंवा कुठंतरी एक जोड आहे, मला न दिसलेला.
गाठ बाहेर दिसता कामा नये, असा त्यांचा नियम होता.

सोमवारी पुन्हा जाईन.
भिंग, टेप, आणि कोंबडीसाठी मूठभर तांदूळ घेऊन.
ती अजून पायलटच्या जागेवरून उठायला तयार नाही.